सारूबाई आणि शेळीचोर

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती लोकांची एक लहानशी वाडी होती. तिथे सारूबाई नावाची एक म्हातारी राहायची. तिची सून बाळंतपणात वारली होती आणि मुलगा दूर खाणीत कामाला गेला होता. घरात आजी आणि दहा महिन्यांची नात, दोघीच. दारात एक दुभती शेळी होती. तिच्या दुधावरच ती पोर वाढत होती.

एक दिवस सारूबाई नातीला कडेवर घेऊन पाण्याला गेली. परत येऊन बघते तर खुंट्याला नुसती दोरी. शेळी गायब.

तीन दिवसांनी वाडीतल्या लोकांनी चोराला धरून आणलं. तो परगावचा होता. नाव कोंडिबा, पण सगळे त्याला कोंड्याच म्हणायचे. मार खाऊन त्याचं तोंड सुजलं होतं.

हनोख पाटलांनी विचारलं, "शेळी कुठंय?"

"विकली."

"आणि पैसे?"

"प्यालो," कोंडिबा म्हणाला.

वाडीची जुनी रीत अशी होती, की चोराच्या तोंडाला काळं फासायचं आणि गाढवावर बसवून त्याची धिंड काढायची. पहिलं बोट ज्याची चोरी झाली त्याने लावायचं. मग पाटलांनी गावाच्या कळपातून त्याची भरपाई करायची. बायकांनी तव्याची काजळी खरवडली, तेलात कालवली आणि वाटी सारूबाईपुढे धरली.

"सारूबाई, लावा बोट," पाटील म्हणाले. "उद्या सकाळी दुभती शेळी तुमच्या दारात बांधतो."

सारूबाईने काजळीत बोट बुडवलं. ती रागाने पेटली होती. तीन दिवस ती पोरीला नुसत्या पेजेवर निजवत होती. तिने कोंडिबाची हनुवटी धरून तोंड वर केलं. बोट गालापर्यंत नेलं आणि तिथेच थांबली.

"पाळकबुवा," तिने मागे वळून हाक मारली.

वाडीच्या चर्चमध्ये उपदेश करणारे पाळकबुवा गर्दीत पार मागे उभे होते. "काय, बाई?"

"माणूस कोणाच्या प्रतिरूपाचा केलाय, म्हणून शिकवता तुम्ही पोरांना?"

पाळकबुवांनी मान खाली घातली. "देवाच्या."

"सगळी माणसं? का आपल्या वाडीतली तेवढी?"

"सगळी."

"चोरसुद्धा?"

"चोरसुद्धा, बाई."

"मग सांगा, हे काळं मी कोणाला फासतेय?"

सारूबाईने बोट आपल्या पदराला पुसलं.

पाटील चिडले. "अहो, ह्यानं तुमच्या नातीच्या तोंडचं दूध पळवलंय!"

"पळवलंच की! मी कुठं माफ केलंय त्याला? राबवून घ्या, घाम गाळू दे. पण त्याच्या तोंडाची विटंबना माझ्या हातून होणार नाही."

"गावाची रीत मोडलीत तर गावाची शेळी मिळायची नाही. विचार करून बोला."

कडेवरची पोर रडत होती. सारूबाईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "नाही तर नाही." आणि घरी निघून गेली. घरात शिरल्यावर मात्र तिला रडू आवरेना. आपण पोरीच्या तोंडचा घास घालवला, असं तिला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडिबा दाराशी उभा होता. पाटलांनी त्याला सोडताना सांगितलं होतं, "म्हातारीला राबवायचंय ना? मग तिच्याकडेच जा."

"आजी, काय करू?" त्याने विचारलं.

सारूबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. अंगणाच्या पडलेल्या भिंतीकडे हात केला. संध्याकाळपर्यंत त्याने एकट्याने दगड रचले. चोर राबतोय आणि आपण पोरीला घोटभर दूधही दिलं नाही, हे जाणवून शेजारीण ओशाळली. ती पोरीसाठी रोज पेलाभर दूध देऊ लागली.

कोंडिबा एका दिवसात सुधारला नाही. दोनदा दारूपायी पळून गेला आणि दोनदा मान खाली घालून परत आला. दोन्ही वेळा सारूबाईने त्याला चांगलं फैलावर घेतलं. पण हाक मारताना "कोंडिबा" अशीच मारली, "कोंड्या" कधी म्हणाली नाही. तिसऱ्यांदा तो गेला नाही.

पुढे वाडीत आणखी चोर सापडले. त्यांना शिक्षाही झाल्या. काजळी मात्र पुन्हा कोणी कालवली नाही.

दोन वर्षं गेली. एका दुपारी अंगणात लाकडं फोडता फोडता कोंडिबा म्हणाला, "आजी, एक विचारू? त्या दिवशी माझ्या तोंडाकडं बघून तुम्ही थांबलात. तुम्हाला माझ्यात देव दिसला का?"

सारूबाई तांदूळ निवडत होती. ती हसली.

"खोटं कशाला बोलू, बाबा? मला काही दिसलं नाही. सुजलेलं तोंड दिसलं आणि माझा राग दिसला."

"मग थांबलात कशा?"

"देवानं सांगितलंय की तू त्याच्या प्रतिरूपाचा आहेस. मला दिसत नव्हतं, म्हणून त्याचा शब्द धरला. दिसलं असतं, तर विश्वास कशाला लागला असता?"

कोंडिबाने कुऱ्हाड खाली ठेवली आणि आजीशेजारी बसून तो तांदूळ निवडू लागला.

तात्पर्य: माणसाचा मान त्याच्या वागण्यातून येत नाही, तो त्याला घडवणाऱ्याकडून येतो. म्हणून शिक्षा करतानाही माणसाची विटंबना करू नये.