धुळीच्या पट्ट्यावरचा माग

शके सतराशे तीस, मार्गशीर्ष महिना. खळी नुकतीच उरकली होती आणि थंडी पडू लागली होती. त्या वेळी निंबोडी गावात एक हुशार पाटील होता.

निंबोडीला लागून खडकी गाव. दोन्हीकडे खडकाळ माळ, मध्ये शिवेवर धुळीचा एक पट्टा. पाऊल उमटले तर त्या पट्ट्यातच. दोन्ही गावांचा जुना करार होता: चोराचा माग ज्या गावच्या शिवेत शिरेल, त्या गावाने तो पुढे न्यायचा. माग पुढे नेता आला नाही, तर चोरीला गेले ते भरून द्यायचे. या करारामुळे चोर दोन्ही गावांना टरकून असत.

आदल्या वर्षी निंबोडीला एक गाय भरून द्यावी लागली होती. ते पाटलाला सलत होते. त्याने गुराख्याला सांगितले, "फटफटले की गुरं आधी शिवेच्या पट्ट्यावरून फिरव. मग रानात ने."

एका सकाळी खडकीचा सटवाजी माळी धावत आला. सोबत खडकीचा राखणदार, जागल्या भिवा होता. सटवाजीची बैलजोडी चोरीला गेली होती. त्याच जोडीच्या मोटेवर त्याचा पानमळा उभा होता.

"पाटील, बैल तुमच्या शिवेत आलेत," भिवा म्हणाला.

"माग दाखव आणि भरपाई घे."

"माग कुठनं दाखवू? तुमची गुरं पट्टा तुडवून गेली. एवढ्या लवकर सोडता?"

"गुरांना भूक तुला विचारून लागते काय?" पाटील म्हणाला. "पट्ट्यात माग नाही. म्हणजे सटवाजी, तुझे बैल उडत गेले."

पारावरची माणसे हसली. सटवाजी हात जोडून म्हणाला, "पाटील, उन्हाळ्यात पाणी नाही दिलं तर वेल जगत नाही. माझ्या बापानं लावलेला मळा आहे."

पाटलाने तोंड फिरवले. गावाने मात्र पाटलाच्या अकलेचे कौतुक केले.

सटवाजी आणि त्याची बायको घागरींनी पाणी घालत राहिली. घागरींनी पानमळा जगत नाही. चैत्रात वेली वाळल्या.

पट्ट्यावर माग टिकत नाही, हे चोरांनाही कळायला वेळ लागला नाही. वैशाखात त्यांनी खुद्द पाटलाची घोडी सोडून नेली. घोडी पाटलाने शिंगरापासून वाढवली होती. पहाटे रिकामा खुंटा पाहून तो अनवाणीच शिवेकडे पळाला.

गुरे पट्ट्यावर पोचत होती.

"थांबव! गुरं थांबव!" पाटील ओरडला.

गुराख्याने काठी आडवी घातली. स्वतः वाटेत आडवा उभा राहिला. गुरे त्याला वळसा घालून पट्ट्यावर उतरली आणि रोजच्यासारखी चालत गेली.

"ऐकत नाहीत, पाटील," तो म्हणाला. "वळण लागलंय त्यांना."

पाटील खडकीला गेला. भिवा लगेच काठी घेऊन उठला. "घोडी आमच्या शिवेत आली असेल तर माग मी पुढं नेतो. करार आहे. कुठं आहे माग, दाखवा."

दोघे पट्ट्यावर आले. भिवाने बसून धूळ निरखली. सगळीकडे गुरांचे खूर होते.

"इथं काही नाही, पाटील."

घोडी उडत गेली, एवढे म्हणायला भिवा मोकळा होता. तो म्हणाला नाही. पाटलाला ते म्हटल्यापेक्षा जड गेले.

त्या दिवसापासून निंबोडीची गुरे बांधून ठेवली जाऊ लागली. दोन्ही गावांचे जागले रोज सकाळी मिळून पट्टा पाहत, मगच दावी सुटत. घोडी काही परत आली नाही.

पाटलाने आपल्या नांगराची चांगली जोडी सोडली आणि स्वतः हाकत खडकीला नेली. पानमळ्यात वाळलेल्या वेली शेवरीच्या खोडांना चिकटून होत्या. सटवाजी सरपणासाठी शेवरी तोडत होता.

"सटवाजी, तुझे बैल."

सटवाजीने मळ्याकडे पाहिले. "आता मोट कशासाठी हाकू, पाटील?"

पाटलाने कासरा पुढे केला. सटवाजीने तो घेतला व बैल विहिरीजवळ बांधले.

तात्पर्य एवढेच: शेजाऱ्याच्या चोराचा माग पुसला, की आपल्या चोराचाही पुसला जातो.