ठकूबाईच्या नावाची भाकरी

फार फार वर्षांपूर्वी पांगरवाडीच्या द्राक्षबागांना तारा नव्हत्या, मांडव नव्हते. एकेक वेल एकेका पांगाऱ्याच्या आधारानं चढायची. त्या काळी गावात ठकूबाई नावाची बाई होती. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच लेक, चंद्रा. चंद्रानं आठव्या वर्षी दारात द्राक्षाची काडी लावली आणि नवव्या वर्षी ती तापानं गेली. काडी मात्र जगली. ठकूबाई त्या वेलीला ‘चंद्रे’ म्हणून हाक मारायची आणि वेल पानं हलवून ओ द्यायची, असं म्हणतात.

त्या एका वेलीला जपता जपता तिला साऱ्या वेलींचं दुखणं कळू लागलं. भुरीचा रोग पानावर दिसायच्या आधी तिला वासानं समजायचा. ती पहाटे दवातच लोकांच्या बागांत शिरायची, पान उलटून बघायची, रोगट पान खुडून ओच्यात टाकायची आणि शेवटी सगळी पानं बांधावर जाळायची. जाता जाता हरळी मुळासकट उपटायची. ठकूबाईचा पाय लागला की रोग पळतो, असं गाव म्हणायचं. गावाचं काय, एकदा डोक्यावर घेतलं की घेतलं.

एकट्या बजाबाचं तिच्याशी वाकडं होतं. त्याच्या बागेतलं तण बघून ती त्याला चारचौघांत बोलली होती. “माझ्या बागंत पाय ठेवशील तर बघ,” असं त्यानं बजावलं, आणि तिनंही पुन्हा कधी ठेवला नाही.

मग एक साल असं आलं की पाऊस सरेना आणि धुकं हटेना. एका सकाळी ठकूबाईला चंद्राच्या वेलीवर एक पान दिसलं. वरून तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग, खालून पांढरी बुरशी. केवडा रोग! दुसऱ्याच्या बागेत असतं तर तिनं ते तिथल्या तिथं खुडलं असतं. इथं हात उचलेना. चंद्राला दुखेल असं तिला वाटलं. तिनं पान नुसतं कुरवाळलं, आणि तशाच ओल्या हातांनी ती लोकांच्या बागा बघायला गेली.

आठ दिवसांत केवडा गावभर झाला. जो तो ठकूबाईला बोलवायला धावे. ती उपाशीतापाशी या बागेतून त्या बागेत जाई, आणि ती जाई तिथं नवे डाग उठत. घड काळे पडून गळू लागले. नवव्या दिवशी ती ओढ्यापाशी थांबली. पलीकडं बजाबाची बाग होती. कमरेएवढं तण माजलेलं, पण एकाही पानावर डाग नव्हता. ठकूबाई कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं आपल्या भिजल्या ओच्याकडं बघितलं आणि तशीच चावडीकडं निघाली.

चावडीपुढं उभं राहून तिनं सांगितलं, “केवडा माझ्या ओच्यातनं फिरला रं बाबांनो. पहिलं पान माझ्याच दारात व्हतं. माझ्यानं खुडवलं न्हाई.”

लोक एकेक करून उठले आणि आपापल्या घरी निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं घरी येऊन कोयता घेतला आणि चंद्राची वेल बुंध्यातून तोडली. बुंध्यातून तीन दिवस पाणी पाझरत होतं, असं म्हणतात. पेटवली तेव्हा वेल ओली असूनही भडभडा जळाली. धूर वर गेला नाही, जमिनीला धरून बागाबागांतून फिरला, आणि फिरला तिथं केवडा थांबला. त्या धुराला पिकल्या द्राक्षांचा वास होता म्हणे. त्या दिवशी ठकूबाईची चूल पेटली नाही. तिच्या दाराकडं कुणी फिरकलंही नाही.

पुढं ती बरीच वर्षं जगली, पण कुणाच्या बागेत पाऊल टाकलं नाही. बांधावर बसून नुसती हरळी उपटायची. त्या बांधावर अजून हरळी येत नाही, हवं तर येऊन बघा.

आजही पांगरवाडीत दव सुकल्याशिवाय कुणी बागेत शिरत नाही, आणि एका बागेतून दुसरीत जाताना हातपाय धुतात. ज्याला पहिलं रोगट पान दिसेल त्यानं बांधावर उभं राहून ओरडून सांगायचं, आणि त्याला कुणी बोल लावायचा नाही. ज्या घरची वेल तोडावी लागते तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. घरातलं माणूस गेल्यावर नेतात तशी शेजारीपाजारी पिठलं-भाकरी नेतात, समोर बसून खायला लावतात. निघताना एक भाकरी जास्तीची ठेवतात, ठकूबाईच्या नावाची. ती तिच्या दारी न्यायची राहून गेली होती.