इडाची फणी

फार जुन्या काळी, नदीकाठच्या एका पडक्या किल्ल्यात कुदळीचा आवाज आला. धप्, धप्. रोमन शिपाई तो किल्ला कधीच सोडून गेले होते. आता आसपासची माणसं आपले मृत तिथे पुरत. तापाने गेलेल्या चिमुकल्या इडाशेजारी मातीत ठेवलेली हाडाची फणी दचकली.

“चोर आला गं! आता पोरीला उघडी टाकून जाईल.”

“येऊ दे की,” इडाच्या गळ्यातली सोन्याची साखळी म्हणाली. “मी पुन्हा उन्हात चमकेन. तुला कोण विचारतंय, हाडके?”

किल्ल्याचा म्हातारा दगड उसासला. “भल्याभल्या फौजा अडवल्या मी, पोरींनो. आता भिंतच उरली नाही.”

चोराने साखळी ओढून घेतली. आणखी चाचपताना त्याच्या हाती फणी लागली. त्या लोकांत रीत होती, मेलेल्याचे केस शेवटचे विंचरले की फणी साफ करायची नाही. दातांत इडाचे चार भुरे केस तसेच अडकलेले होते.

चोर ते केस बघत बराच वेळ बसला. मग त्याने साखळी पोरीच्या गळ्यात परत घातली, फणी केसांपाशी ठेवली, दोन्ही हातांनी हळूहळू माती लोटली आणि तो निघून गेला.