झोपाळ्याची कुरकुर

एका पेठेत श्रीपती मगदूम नावाचा गृहस्थ राहत होता. त्याचा धंदा जरा वेगळा. मोठ्या दवाखान्यांना मुख्य डॉक्टर हवा असला, की तो शोधून द्यायचा. त्याच्या दारात कुणाची गाडी थांबली, यावरून कुठली खुर्ची रिकामी झाली ते पेठेला आधी कळायचं.

त्याची रीत चांगली होती. डॉक्टर निवडण्याआधी तो त्यांच्या जुन्या दवाखान्यात जायचा. तिथल्या आयाबायांबरोबर चहा प्यायचा आणि विचारायचा, हाक मारली की साहेब येतात का? उत्तरापेक्षा त्या बायकांच्या चेहऱ्याकडे जास्त बघायचा.

पुढे नाव झालं, कामं वाढली. चहा सुटला आणि फोनवर चौकशी सुरू झाली. त्याला लहानाचं मोठं केलेली बहीण, मालनअक्का, एकदा म्हणालीसुद्धा, "आता फोनमधून तोंडं दिसायला लागली म्हण तुला."

अशात गावच्या दवाखान्यासाठी डॉक्टर निरगुडे यांचं नाव आलं. त्यांच्याबद्दल सांगतील अशा तीन माणसांचे नंबर त्यांनीच दिले. श्रीपतीने फोन लावले. एक आवाज घोगरा, एक बारीक, एक म्हाताऱ्याचा. तिघंही एकच म्हणाले, "उत्तम माणूस. काळजी नसावी." आणि तिघांच्याही मागे झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या.

श्रीपतीला ते खटकलं. पण दवाखान्याला घाई होती. झोपाळा काय, घरोघरी असतो, असं म्हणून त्याने निरगुड्यांना खुर्चीवर बसवलं.

काही महिन्यांनी तो परगावी असताना अक्का तापाने फणफणली. शेजाऱ्यांनी तिला त्याच दवाखान्यात नेलं. श्रीपतीने लगेच दवाखान्यात फोन केला.

"अक्का उत्तम आहेत. काळजी नसावी," म्हाताऱ्याचा आवाज म्हणाला. मागे कुरकुर चालू होती.

श्रीपतीने विचारलं, "कोण बोलतंय?"

कुरकुर थांबली. मग बारीक आवाज म्हणाला, "सांगितलं ना. काळजी नसावी."

तो मिळेल त्या गाडीने धावत आला. भरदुपारी दवाखाना चिडीचूप होता. कुणी मान वर करत नव्हतं. अक्काचे ओठ सुकले होते, सलाईनची बाटली कधीच संपली होती. परिचारिका हळूच म्हणाली की डॉक्टर वॉर्डात येतच नाहीत, आलेले फोन तेवढे खोलीतून स्वतः घेतात. बाकीच्यांना उत्तम आहे, एवढंच सांगायची मुभा आहे. अक्काला उचलून नेताना श्रीपतीला डॉक्टरांची उघडी खोली दिसली. आत झोपाळा हलत होता. त्यावर कुणी नव्हतं.

दुसरीकडे नेल्यावर अक्का वाचली. श्रीपतीने दवाखान्याच्या विश्वस्तांना आपली चूक सांगितली, पण तोवर निरगुडे निघून गेले होते. मग तो त्यांच्या जुन्या गावी गेला. तिथल्या दवाखान्याला कुलूप होतं. ओसरीच्या तुळईला नुसते आकडे राहिले होते. पायरीवर बसलेली म्हातारी आया म्हणाली, "जाताना झोपाळा तेवढा नेला त्यांनी. चौकशीला येईल कुणीतरी, म्हणून आम्ही वाट बघत होतो. तुम्हीच पहिले आलात."

तात्पर्य एवढंच: ज्याच्या हाती दुसऱ्यांचा जीव सोपवायचा, त्याची पारख त्याने दिलेल्या साक्षीदारांकडून करू नये, त्याच्या हाताखाली राहिलेल्यांना स्वतः जाऊन विचारावं.