पांढरबेटाची बाव

भाविकहो, कातळनाथ महाराज पांढरबेटावर कसे आले ते कोणालाच नीट सांगता येत नाही. कोणी म्हणते, मासळी विकून परतणाऱ्या होडीत ते बसून आले. कोणी म्हणते, होडी नव्हतीच, ओहोटीच्या पाण्यातून चालत आले. एवढे मात्र खरे, की एका सकाळी देवळामागच्या काळ्या कातळावर एक कृश गोसावी बसलेला बायकांना दिसला आणि तो पुन्हा तिथून फारसा हलला नाही. ऊन झाले, वारा झाला, कातळावर शेवाळ चढले, महाराज तिथेच. बेटावरचे गाबीत लोक समुद्राला भिणारे आणि समुद्रावरच जगणारे. त्यांना हा न हलणारा माणूस आपला वाटला.

चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याची एकच विहीर, असे ते बेट होते. विहिरीला तिकडे बाव म्हणतात. ही बाव उथळ, कातळात कोरलेली. तिच्यावर रहाट नव्हता, दोर नव्हता. बांबूच्या टोकाला नारळाची करवंटी बांधायची आणि वरचे वर पाणी अलगद उचलायचे, ढवळायचे नाही, अशी गावकीची रीत होती. घरागणिक पाळी लावलेली. अमावास्या-पुनवेला समुद्राला उधाण आले की त्या दिवशी बावीला कोणी हात लावायचा नाही. ती दमलेली असते, असे म्हातारी माणसे सांगत. जसे खाडीच्या तोंडाशी मासळी अंड्यावर असताना जाळे टाकायचे नाही, तसेच हे. ही रीत कोणी घातली हे कोणी विचारीत नसे. महाराजांना पाणी लागले तर तेसुद्धा हातात कमंडलू धरून बायकांच्या मागे पाळीत उभे राहत.

त्या बेटावर आवडू नावाची एक विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा लवू होडी घेऊन गेला तो परत आला नाही. होडीची फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. तेव्हापासून आवडूकाकी संध्याकाळ झाली की पश्चिमेच्या वाळूवर जाऊन बसे. रडत नसे. नुसती बसे. लोक म्हणत, तिचे डोके फिरले. महाराज तसे कधी म्हणाले नाहीत. ती येता-जाता कातळाशी थांबली की ते एवढेच विचारीत, "आई, आज वारा कसा आहे?" आणि ती वाऱ्याचे सांगे. तिच्याशी लवूखेरीज दुसरे काही बोलणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

मग ते वाईट वर्ष आले. आधीच्या पावसाने निम्म्यावर पाठ फिरवली होती, त्या वर्षीचा तर नुसता गडगडून गेला. फाल्गुनातच बावीच्या तळाचा कातळ दिसू लागला. करवंटी खरवडल्याचा आवाज येई.

गावकीचा मानकरी होता गुणाजी. देवळातला पहिला नारळ त्याचा, शब्द त्याचा शेवटचा. आपली लेक त्याने घाटावर दिली होती. तिकडे जाऊन आल्यापासून बेटावरचे सारेच त्याला खुजे वाटू लागले होते. गावकी जमली तेव्हा तो म्हणाला, "घाटार बावी बघा. वाकून बघलास तर भोवळ येता. आमी काय, करवंटेन पाणी चाटतंव. कातळ फोडा. खाली पाणीच पाणी आसा."

माणसे तहानलेली होती, आणि तहानेला असे बोलणे फार गोड लागते. महाराज देवळाच्या पायरीशी उभे होते. ते म्हणाले, "गुणाजी, वरचे आपले आहे. खालचे दर्याचे आहे. त्याचे दार ठोठावू नका."

गुणाजी हसला. "म्हाराज, तुमी नाम घेवा. खणूचा आमी बघतंव."

बाकीचेही हसले. हेही सांगायला हवे, भाविकहो, की त्या दिवशी एकटा गुणाजी हसला नव्हता. पहारी साऱ्या गावाने उचलल्या होत्या.

कातळ फुटला आणि पाणी उसळून वर आले! लोक नाचले. करवंट्या भिरकावून दिल्या, दोर लावून कळशा बुडवल्या. पाळी मोडली. ज्याला हवे तेव्हा, हवे तेवढे. अमावास्येलाही पाणी उपसले. आवडूकाकी मात्र पहिल्यासारखीच आपल्या वेळेला येई, एक कळशी भरून निघून जाई, आणि बायका तिला म्हणत, काकी, आता कोणासाठी जपून वापरतेस गं?

आणि एके दिवशी भात शिजवताना कोणाला तरी जाणवले, की मीठ घातलेच नव्हते आणि भात खारट झाला आहे.

दुसऱ्या दिवशी थोडे अधिक. मग असे झाले, की तोंडाला लावलेले पाणी बायका थुंकून टाकू लागल्या. बावीत पाणी काठोकाठ होते, आणि ते समुद्राचे होते. पलीकडच्या किनाऱ्यावरून पिंपे भरून होड्या येत, पण वारा फिरला की होड्या येत नसत. तशाच एका वाऱ्यात सुंद्री नावाच्या बाळंतिणीचे तान्हे मूल गेले. आईचे दूध आटले होते आणि दुसरे काही पाजायला नव्हते. एवढेसे ओठ, आणि त्यांना भेगा. त्या दिवशी बेटावर कोणाच्याच घरी चूल पेटली नाही. समुद्र मात्र नेहमीसारखाच वाजत होता.

गावकी फुटली. जो तो दुसऱ्याला बोल लावी. पहार तुझी, दोर तुझा. गुणाजी बोलण्यात हरणारा माणूस नव्हता. त्याने जाहीर केले की हे बेटच शापलेले आहे, ते सोडायचे. येत्या अमावास्येला होड्या भरायच्या आणि सगळ्यांनी पलीकडे जायचे. कोणालाही मागे ठेवायचे नाही.

हे ऐकून आवडूकाकी कातळावर आली. आज तिने वाऱ्याचे सांगितले नाही. ती महाराजांच्या पायाशी बसली आणि कातळावरचे शेवाळ नखाने कोरीत राहिली. मग म्हणाली, "म्हाराज, माका पन न्हेतले. माझो लवू हय पाण्यात आसा. तो परत इलो आणि घरात कोण नाय, तर तो खंय जायत?"

महाराजांचे ओठही सुकून काळे पडले होते. किनाऱ्यावरून येणाऱ्या पिंपातला आपला वाटा ते पोरांना देत होते. त्यांनी बावीकडे पाहिले. मग म्हणाले, "आई, बाव बुजव."

आवडूकाकीने मान वर केली.

"जेवढी फोडली तेवढी बुजव. किनाऱ्याची पांढरी वाळू आण, शिंपल्यांचा चुरा आण. खालचे दार बंद कर."

"एकट्येन भरात?"

"एकटीने नाही भरणार," महाराज म्हणाले. "पण पहिली पाटी कोणीतरी टाकायला हवी. तुझी टाक."

आवडूकाकीला यातले काही उमगले नाही. पण ज्या माणसाने तिला कधी वेडी म्हटले नव्हते, त्याने सांगितले होते. तेवढे तिला पुरे झाले. तिने वाळूची पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि बावीत ओतली. खाऱ्या पाण्यात ती कुठल्या कुठे गडप झाली. तिने दुसरी आणली. येता-जाता ती हलक्या आवाजात म्हणे:

खारा वारा, खारी वाळू । खारं डोळ्यांतलं पाणी ।
गोडी एक होती बाव । तीही रुसली गे राणी ।।

गुणाजीने ते पाहिले आणि चार माणसे गोळा केली. "काय गो आवडू, तान लागली म्हणान बाव बुजवतंस? उद्या भूक लागली तर चूल मोडशीत?"

"म्हाराजांनी सांगल्यानी," ती म्हणाली, आणि पाटी घेऊन पुढे गेली.

"म्हाराजांका काय? ते कातळार बसान वारो पितंत."

लोक हसले, पण आता त्या हसण्यात जोर नव्हता. सुकलेल्या घशांना हसणे जड जाते. आवडूकाकीच्या टाळूची कातडी सोलवटली, पायांना शिंपल्यांनी चिरा पडल्या. खाऱ्या वाळूत त्या चिरा कशा झोंबत असतील, हे ज्याचे त्यानेच जाणावे. ती थांबली नाही. आणि बाव काही भरताना दिसेना.

तेव्हा सुंद्री आली. मूल गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. केस मोकळे, डोळे कोरडे. तिने रस्ता अडवून हात पुढे केला आणि म्हणाली, "काकी, पाटी दी."

दोघींनी आळीपाळीने वाळू वाहिली. सुंद्रीला पाटी वाहताना पाहून घराघरांतून बायका बाहेर आल्या. त्यांच्यामागे पुरुष आले, मान खाली घालून, ज्या हातांनी पहारी धरल्या होत्या त्याच हातांत टोपल्या घेऊन. ज्यांचे एकमेकांशी बोलणे तुटले होते ते एका रांगेत उभे राहिले, आणि पाट्या एका हातातून दुसऱ्या हातात किनाऱ्यापासून बावीपर्यंत जाऊ लागल्या. गुणाजी आपल्या होड्या भरत राहिला.

अमावास्या उजाडली. बाव अजून निम्मीही भरली नव्हती. गुणाजी येऊन म्हणाला, आता पुरे, वारा आहे तोवर निघू. आणि भर दुपारी उधाण आले. समुद्र बेटाच्या अंगावर चढून आला, आणि फुटलेल्या कातळातून बावीत घुसला. पाणी खालून उकळल्यासारखे उसळू लागले. इतक्या हातांनी टाकलेली वाळू ढवळून वर आली, साऱ्या बावीचे दूध झाले. आवडूकाकी काठावर कोसळली.

"बघा," गुणाजी म्हणाला. "गेली तुमची वाळू दर्यात. आता तरी होडयेत बसा."

तिला उचलायला दोघेजण पुढे झाले. तिने दोन्ही हातांनी कातळाची कड धरली. बोटे सोडवता सुटेनात.

त्याच वेळी कातळनाथ महाराज खाली उतरले. त्यांना चालताना पाहिलेले कितीतरी दिवस झाले होते. ते आले, आवडूकाकीशेजारी बसले आणि उजवा हात त्यांनी त्या उसळत्या पाण्यावर ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "नाथा," ते म्हणाले, "तुझी लेकरे चुकली. पण आता सगळी मिळून आली आहेत." मग लोकांकडे वळून म्हणाले, "बसा सगळे. आता कोणी काही टाकू नका, काही काढू नका. बावीला विसावा द्या."

सगळे बसले. महाराजांचे डोळे मिटलेले होते, हात पाण्यावर तसाच. हळूहळू उधाण ओसरू लागले. समुद्र एकेक पाऊल मागे गेला. रात्र बावीच्या काठावरच गेली; अमावास्या सरून उजाडले तेव्हा बावीतले पाणी निवळत निवळत खाली बसले होते, आणि तळ दिसला.

काय सांगावे! जिथे फुटलेले काळे विवर होते तिथे आता पांढरी शुभ्र वाळू होती. कोणी हाताने थापून सारवावी तशी सपाट, जुन्या तळाच्या रेषेपर्यंत आलेली. लोकांनी टाकलेली वाळू त्यात होतीच, पण जी त्यांना टाकता आली नव्हती तीही होती. आणि तिच्यावर वीतभर पाणी, डोळ्यासारखे स्वच्छ.

कोणाचा हात पुढे होईना. स्वच्छ पाणी यापूर्वीही दिसले होते, आणि त्याने फसवले होते. महाराज म्हणाले, "गुणाजी, तू चाख."

गुणाजी पुढे आला. सगळ्यांसमोर थुंकून दाखवायचे, असे त्याच्या मनात होते. त्याने ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. तो थुंकला नाही. त्याने पाणी गिळले. त्याने पुन्हा ओंजळ भरली, पण ती ओठांपर्यंत गेली नाही; सारे पाणी त्याने बोटांतून गळू दिले.

"गोडा आसा," तो म्हणाला. एवढेच म्हणाला.

तो महाराजांच्या पायांवर पडायला वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले आणि आवडूकाकीकडे बोट दाखवले. वाळूने आणि रक्ताने माखलेल्या त्या पायांवर गुणाजीने डोके ठेवले. ती गोंधळून गेली. "तात्यानू, माका हयसून न्हेव नका, इतक्याच करा," ती त्याला म्हणाली. "कोण तुका न्हेत नाय," गुणाजी म्हणाला, आणि होड्यांतले सामान उतरवायला त्याने आपल्या माणसांना खुणावले.

मग तो उठला आणि सुंद्रीपुढे गेला. ती पाण्याकडे बघत उभी होती. पाणी आले होते, आणि तिच्यासाठी ते उशिरा आले होते. गुणाजीने तिच्यापुढच्या ओल्या वाळूवर कपाळ टेकले. त्याने क्षमा मागितली नाही. सुंद्रीने त्याला ऊठ म्हटले नाही. महाराजांनीही म्हटले नाही.

खूप वेळाने सुंद्री बोलली. "उठा, तात्यानू. पाण्याची पाळी लावा. तुमचा घर आज शेवटाक."

मानकऱ्याचे घर कधी कोणाच्या मागे उभे राहिले नव्हते. गुणाजीने पाळी लावली. एकेक घर पाणी घेऊन गेले. सूर्य बुडायला आला तेव्हा तो आपली रिकामी कळशी घेऊन रांगेच्या शेवटी उभा होता, आणि वाकवलेली मान त्याने अजून वर केली नव्हती.