धुळीचा एक कण

फार जुनी गोष्ट. तेव्हा वाळवंटावरचा वारा समुद्रावर नेमाने यायचा. पाण्यात दोऱ्यांसारख्या इवल्या जिवाणूंची एक जुडी तरंगत असे. जुडीतल्या बाया हवेतलं नत्र घेऊन साऱ्या शेजाराला पुरेल असं अन्न रांधायच्या. त्याला लोखंड लागे कणभरच, पण ते वाऱ्यावरच्या धुळीतूनच येई.

"आमच्या वेळी आभाळ तांबडं व्हायचं गं," जुडीच्या पोटात राहणारी म्हातारी आत्या सांगे. "धूळ झेलता झेलता दमायचो."

पण एका वर्षी वारा फिरकलाच नाही. चूल विझत आली. कडेला राहणारी झिरमी तर साध्या तरंगालाही दचकायची. आणि नेमका तिच्याच अंगावर कुठूनसा भरकटत आलेला धुळीचा एक कण पडला.

"आत सरकव!" साऱ्या ओरडल्या. कण एकमेकींकडून जुडीच्या पोटात न्यायचा, म्हणजे लाट तो पळवत नाही, ही त्यांची रीत.

झिरमीने तो घट्ट धरला. आत गेलेलं कडेपर्यंत परत येतं का कधी?

"बसा धरून, राणीसाहेब!" शेजारचं शेवाळ खिदळलं. "बुडाल त्याच्यासकट!"

तेवढ्यात लाट आली. कण निसटू लागला. घाबरून झिरमीने तो शेजारणीकडे ढकलला, तिने पुढे, आणि आत्याने पोटाशी कवटाळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोखंड झिरपत झिरपत कडेला पोचलं. अगदी थोडं, पण पोचलं. चूल पेटली. अन्न पाण्यात पसरलं, आणि सगळ्यांत आधी शेवाळच जेवायला बसलं.

"आज चव आहे हं!"

"जेव बाबा, पोटभर जेव," झिरमी म्हणाली. दुसरा कण आलाच तर झेलायला कडेला कुणीतरी हवं, म्हणून ती जागची हलली नाही.