देवाची शाल

"मग कात्री सापडली का?"

"नाही ना, बुवा! तिथंच तर सगळा घोळ आहे."

शलाकाचा आवाज चढला आणि तिची तीच ओशाळली. घाटमाथ्यावरचा मठ, सकाळची वेळ. धुकं असं दाटलेलं, की पायरीपलीकडं जग उरलंय की नाही कोण जाणे. गिरीबुवा नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळकृष्णाला मांडीवर घेऊन पुसत होते.

शलाका म्हणजे कपड्यांच्या दुनियेतलं बडं प्रस्थ. तिच्या हातचा पोशाख मिळावा म्हणून नट्या नंबर लावतात! आता फॅशन डिझाइनची मोठी स्पर्धा तोंडावर आलेली, आणि डोळा लागला की तेच स्वप्न. झोपेचं पार खोबरं झालं होतं. हल्ली दिवसाही कापडाला कात्री लावताना हात थरथरायचे. स्पर्धेतून नाव काढून घ्यावं लागणार, या भीतीनं ती आतून मोडली होती.

"सावकाश सांग."

"मोठा मंच असतो. दिवेच दिवे... परीक्षकांना चेहरे नसतात. मी झग्याला मोती लावत असते. एक लावला की शेजारची जागा ओकीबोकी दिसते. मग तिथंही लावते. बाही वाढतच जाते, मंचावरून उतरते, जिन्यावरून खाली, पार रस्त्यावर... कापायला जावं तर कात्री नाही. घंटा होते. मी ओरडते, तर तोंडातून मोतीच पडतात!"

"अगं बाई!" बुवा अगदी मनापासून म्हणाले.

"हसू नका हं."

"हसतोय कुठं? झगा कुणासाठी होता?"

"परीक्षकांसाठी... म्हणजे, घालणार एक मुलगी. ती कडेला उभी असते."

"काय घालून?"

"पातळसा परकर असतो अंगावर. काकडत असते बिचारी. पण तिचं काय घेऊन बसलात! माझं नाव मातीत जात असतं तिथं!"

बुवांनी बाळकृष्णाचे ओले कान टिपले.

त्यांनी देवाला अंगडं घातलं. लोकरीची कानटोपी घातली. वर लाल शाल पांघरली. थंडी सुरू झाली की मठात हा रिवाजच होता.

शलाकाला हसू आवरेना. "पितळेला थंडी वाजते होय, बुवा?"

बुवांनी वर पाहिलं. तिच्या अंगात स्वतःच आखलेलं जाळीचं, बिनबाह्यांचं जाकीट होतं. दिसायला झकास. ओठ मात्र निळे पडले होते.

त्यांनी देवाची शाल काढली आणि तिचे दोन्ही थरथरते हात त्यात गुंडाळले.

"अहो, हे काय करताय! त्याला थंडी वाजेल ना!"

बोलून गेली, आणि तिथंच थबकली.

धुकं पायरी चढून आत आलं होतं. शाल उबदार होती. हात हळूहळू शांत होत गेले. पायरीवर कुणीतरी उभं आहे, असं तिला उगीचच वाटून गेलं...

"बुवा," ती हलकेच म्हणाली, "माझ्या स्वप्नाचं काय करू?"

बुवांनी बिनशालीच्या देवाला आपल्या छातीशी धरलं.

"जा लवकर. ती पोर अजून काकडत उभी असेल."